धुऱ्यावरचा पाहुणा : परग्रहभेटीची पहिली गोष्ट लिहिणाऱ्यांसाठी

परग्रहवासीयांवरची माझी पहिली कथा तीन ठिकाणांहून परत आली. चौथ्या ठिकाणाहून ती परतही आली नाही, आत घातलेली टपाल तिकिटं तेवढी त्यांच्याकडे राहिली. त्या कथेत एक चकचकीत यान लोणारच्या सरोवरात उतरतं, त्यातून उंच निळसर माणसं बाहेर येतात आणि त्यांचा म्होरक्या वर्तमानपत्री मराठीत म्हणतो, ‘आम्ही शांततेसाठी आलो आहोत.’ आमच्या गावात असं म्हणत येणारा माणूस एक तर मतं मागायला आलेला असतो, नाही तर जमीन मोजायला. गावातलं कुत्रंही त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. पण लिहिताना मी गाव विसरलो होतो.

मी मेहकरकडचा. कृषी केंद्र चालवतो आणि बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गोष्टी लिहितो. पाच वर्षांत चार लिहिल्या, त्यांतली चौथी छापून आली. पहिल्या तिघींत जे दगड लागले ते तुमच्या पायाला लागू नयेत म्हणून हा खटाटोप. चांगली भाषा कशी लिहावी हे मी सांगणार नाही, ते मलाच अजून नीट येत नाही. खेड्यात बसून, जवळ ग्रंथालय नसताना, परग्रहभेटीची गोष्ट कागदावर कशी उभी करायची एवढंच सांगतो.

आधी सामान जमवा

दुर्बीण लागत नाही. इंग्रजी थोडं येत असलं तर बरं, नसलं तरी अडत नाही. हे मात्र हवं:

- दोनशे पानी वही. मोबाईलवर थेट लिहू नका. बोलून टाइप करायची सोय मराठीला आहे, पण ती आपल्या बोलण्याला नाही. मी ‘आभाय फाटलं’ म्हणालो तर फोननं ‘अभय फाटलं’ लिहिलं.
- आपल्या शेताचा सातबारा आणि गटाचा नकाशा. कशाला ते तिसऱ्या पायरीत कळेल.
- एखाद्या जुन्या पंचनाम्याची प्रत. गारपिटीचा, बोंडअळीचा, कसलाही चालेल.
- भिंतीवरचं कॅलेंडर, म्हणजे गोष्टीतली रात्र अंधारी की उजेडी ते ठरवता येतं. सोबत फोनवर ‘स्टेलॅरियम’ हे आकाशाचं फुकट ॲप. माझ्या दुसऱ्या कथेत मे महिन्यातल्या मध्यरात्री मृग नक्षत्र डोक्यावर होतं. मेमध्ये ते सूर्यासोबतच मावळतं. ही चूक बारावीतल्या एका पोट्टीनं काढली, दुकानात, गिऱ्हाईकांसमोर.
- ऐकून घेणारं एक म्हातारं माणूस. विज्ञान न शिकलेलं असेल तर उत्तम.

१. कोण येतं ते नंतर, काय येतं ते आधी

परग्रहाशी पहिली गाठ तीन तऱ्हेनं पडू शकते. आकाशातून नुसती खूण येते, वस्तू येते किंवा जीव येतो. नवा लिहिणारा सरळ जीवावर उडी मारतो आणि तिथंच फसतो, कारण जीव आला की त्याचे हातपाय, श्वास, खाणं, कपडे सगळं सांगावं लागतं. त्यात पानं जातात आणि शेवटी माणसालाच वेगळा रंग फासलेला निघतो.

खुणेची गोष्ट विज्ञानाला सगळ्यांत जवळची. १५ ऑगस्ट १९७७ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका रेडिओ दुर्बिणीनं ७२ सेकंदांचा एक जोरकस संकेत टिपला. जेरी एहमन या खगोलशास्त्रज्ञानं छापील कागदावर त्याला गोल करून बाजूला ‘वॉव’ लिहिलं. तो पुन्हा कधी सापडला नाही. आपण इकडं झेंडावंदन करून बुंदीचे लाडू खाल्ले त्याच तारखेला तिकडं ही गंमत झाली, एवढ्यावरच एक कथा होऊ शकते. पण खुणेच्या गोष्टीला दुर्बीण लागते. महाराष्ट्रात ती पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळच्या खोडदला आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. म्हणजे नायक शास्त्रज्ञ होणार आणि तुमचं गाव फोनच्या पलीकडं राहणार.

म्हणून खेड्यातून लिहिणाऱ्यानं पहिल्या गोष्टीत वस्तू आणावी. वस्तूला हात लावता येतो, तिच्यावरून भांडता येतं, तिच्यावर ताडपत्री टाकता येते.

२. अंतराचा हिशोब पहिल्या पानावर

गोष्टीत एकही आकडा द्यायचा नसला तरी हा हिशोब करा. प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो, आणि वर्षभरात तो जेवढं अंतर कापतो ते एक प्रकाशवर्ष. सूर्य सोडला तर सगळ्यांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षं लांब. तिथं एक प्रश्न पाठवला आणि त्यांनी लगेच उत्तर दिलं तरी मध्ये आठ खरीप हंगाम जातात. ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याभोवती सात ग्रह आहेत, तो सुमारे ४० प्रकाशवर्षं दूर. तिथला निरोप आजोबांनी विचारला तर नातवाला मिळायचा. १९७४ साली पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतून माणसानं मुद्दाम एक संदेश पाठवला, तो एम-१३ या तारकागुच्छाकडं. अंतर सुमारे २५ हजार प्रकाशवर्षं. उत्तराची वाट पाहणाऱ्यांनी ५० हजार वर्षं धरून चालावं.

आणि हा झाला प्रकाशाचा वेग. यान त्या मानानं गोगलगाय. १९७७ साली निघालेलं नासाचं व्हॉयेजर-१ सेकंदाला १७ किलोमीटरच्या आसपास पळतंय. त्याच वेगानं प्रॉक्झिमाइतकं अंतर कापायला ७० हजारांहून जास्त वर्षं लागतील.

हा हिशोब केला की गोष्टीतले बरेच प्रश्न आपसूक सुटतात. एवढ्या लांबून कोणी आपलं पाणी चोरायला येत नाही. जो आला तो तरी जिवंत निघाला होता का? की पाठवणारे केव्हाच संपले आणि त्यांची वस्तूच फिरतेय? माझी चौथी गोष्ट याच प्रश्नातून निघाली.

एक सापळा. प्रकाशवर्ष हे अंतर आहे, काळ नव्हे. ‘कित्येक प्रकाशवर्षांपूर्वी’ हे शब्द दिसले की जाणता संपादक पुढं वाचतच नाही.

३. लोणार सोडा, धुरा धरा

लोणारचा मोह मला कळतो, माझ्या घरून ते फार लांब नाही. बेसॉल्ट खडकात उल्केच्या आघातानं झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, खारं आणि अल्कधर्मी पाणी, लवणासुराची कथा, दैत्यसूदनाचं देऊळ. त्यात जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळं तो रंग आला होता, पण तोवर निम्म्या जिल्ह्यानं आपापल्या गोष्टी रचल्या होत्या. अडचण हीच आहे. लोणार म्हटलं की वाचक गूढाची तयारी करूनच बसतो. जिथं काहीतरी होणार हे सगळ्यांना आधीच माहीत आहे, तिथं काही झालं तर नवल कसलं?

त्यापेक्षा सातबारा काढा. वस्तू कुठल्या गटात पडली? ई-क्लासमध्ये, म्हणजे सरकारी चराईच्या जमिनीत पडली तर ती सरकारची की तिथं बकऱ्या चारणाऱ्याची? आणि दोन शेतांच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर पडली तर? आपल्याकडं वीतभर धुऱ्यावरून सख्खे भाऊ वीस वीस वर्षं बोलत नाहीत. अशा धुऱ्यावर दुसऱ्या ताऱ्याकडून आलेली वस्तू ठेवा आणि बाजूला व्हा. पुढची चार पानं तुम्हाला लिहावी लागणार नाहीत, ते भाऊच लिहितील.

महिनाही नेमका ठरवा. ऑगस्टात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कमरेएवढी असते, वस्तू दिसणारच नाही. डिसेंबरात तूर डोक्यावर गेलेली. एप्रिल-मेत रान उघडं पडतं, दोन कोसांवरून दिसतं, पण दुपारी शेतात चिटपाखरू नसतं. मी नोव्हेंबर घेतला. कापूस फुटलेला, रानडुकरांचा उपद्रव चालू आणि जागलीला माणूस हजर.

४. पहिली बातमी कोणाला, हे लिहून काढा

इथं कल्पना लढवायची गरजच नाही, आपल्याकडं घडून गेलंय. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भभर लोकांनी आभाळातून जळत जाणारी रेघ पाहिली, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचं एक भलं मोठं कडं येऊन पडलं. आसपासच्या शिवारात धातूचे गोळेही सापडले. तो चिनी रॉकेटचा अवशेष असावा असं जाणकारांनी सांगितलं. पण गावाला हे कळायच्या आधीचे काही तास आठवून पाहा. वरून काहीतरी पडलंय, कोणाचं ते माहीत नाही, आणि सण आहे. या घटनेच्या जुन्या बातम्या शोधून वाचा. पोलीस आले, कडं ठाण्यात नेलं. कोणी आकाशाकडं हात जोडून थरथरत उभं राहिलं नाही.

दुसरा नमुना याहून शांत आहे. हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं बलून केंद्र आहे. तिथून संशोधनासाठी मोठाले फुगे सोडतात, ते ३०-४० किलोमीटर उंच जातात, आणि त्यांची यंत्रं छत्रीला लटकून खाली येतात, कधी कधी आपल्या विदर्भातही. त्या सुमारास जिल्हा प्रशासनाची सूचना निघते : अशी वस्तू दिसली तर हात लावू नका, पोलिसांना किंवा टपाल कार्यालयाला कळवा. म्हणजे ‘आभाळातून यंत्र पडल्यास काय करावे’ याची लेखी सूचना आपल्याकडं आधीपासून आहे. हे मला पहिल्या कथेच्या वेळी ठाऊक असतं तर!

जागतिक पातळीवरही शिष्टाचार आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळविज्ञान अकादमीनं १९८९ मध्ये तो तयार केला. आधी खात्री करा, दुसऱ्या अभ्यासकांकडून तपासून घ्या, मग जगाला उघडपणे सांगा, आणि आंतरराष्ट्रीय सल्लामसलत झाल्याशिवाय उत्तर पाठवू नका. आता हा क्रम आपल्या गावाशेजारी ठेवा. आपल्याकडं पहिला फोटो ‘जय जवान जय किसान’ नावाच्या व्हॉट्सॲप गटावर जातो, दुसरा मामाच्या पोराला, मग पोलीस पाटलाला कळतं. तो ठाण्यात फोन लावतो, तिकडून विचारतात, ‘जीवितहानी?’ नाही म्हटलं की सकाळी येतो म्हणतात. ही जी मधली रात्र मिळते ना, ती तुमची गोष्ट आहे. सकाळी गाडी आली की गोष्ट सरकारची होते.

सामानातला पंचनामा इथं कामी येतो. त्याची भाषा वाचा. ‘समक्ष पाहणी केली असता’, ‘अंदाजे लांबी-रुंदी’, ‘पंचांना वाचून दाखविले, बरोबर आहे’. दुसऱ्या जगाच्या वस्तूचं वर्णन तुमच्या अलंकारांनी जेवढं उठणार नाही तेवढं या कोरड्या भाषेनं उठतं. मी वस्तूचं संपूर्ण वर्णन पंचनाम्यात घातलं. ‘रंग : सांगता येत नाही. पंच क्र. १ यांचे मते काळा, पंच क्र. २ यांचे मते रंग नाही.’ संपादकांना सगळ्या गोष्टीत हीच ओळ आवडली.

५. भाषा : इथं घाई केली तर सगळं गेलं

परग्रहवासी मराठी बोलला की गोष्ट मेली. त्याच्या गळ्यात भाषांतराचं यंत्र लटकवलं तरी मेली. दोन बुद्धींना एकमेकींचं काहीच कळत नाही ही परग्रहकथेतली खरी अडचण आहे. ती पहिल्याच पानावर सोडवून टाकली तर राहिलं काय?

लोक म्हणतात, गणित ही विश्वाची भाषा. अरेसिबोच्या संदेशात १६७९ ठोके होते. ही संख्या २३ आणि ७३ या दोन मूळ संख्यांचा गुणाकार. ज्याला हे कळेल तो ठोके २३ उभ्या नि ७३ आडव्या ओळींत मांडेल आणि चित्र दिसेल, अशी युक्ती. सुंदर आहे. पण ती आता इतक्या गोष्टींत आलीय की यानातून २, ३, ५, ७ ऐकू आलं की वाचक जांभई देतो. शिवाय त्यानं मोजलं एवढंच त्यातून कळतं. तो काय म्हणतोय ते नाही.

आपल्याकडं यापेक्षा चांगली शाळा आहे. विदर्भातल्या बाजारात मराठी ऐकू येते, ती इंडो-आर्य कुळातली. गोंडी आणि कोलामी द्रविड कुळातल्या. मेळघाटातली कोरकू तिसऱ्याच, मुंडा कुळातली. आणि बुलडाणा जिल्ह्यात जळगाव जामोदकडं, सातपुड्याच्या पायथ्याशी, थोडे लोक निहाली बोलतात. या भाषेचं जगातल्या कुठल्याच भाषेशी नातं सिद्ध झालेलं नाही. आजूबाजूचे शब्द तिनं भरपूर घेतलेत, पण आतला गाभा कोणाचाच नाही. दूरच्या ताऱ्यावरची भाषा कल्पायला निघालेल्या मला माझ्याच जिल्ह्यात अशी भाषा आहे हे चाळिशीत कळलं. मेळघाटातल्या धारणीच्या बाजारात एक दिवस नुसते बसा. भाव कसा ठरतो पाहा. बोट, मान, गप्प राहणं, उठून चालू लागणं. ‘नाही’ कसं सांगतात ते वहीत लिहा. ‘हो’पेक्षा ‘नाही’ आधी समजावं लागतं.

मग आपली मराठी बाहेरच्याच्या कानानं ऐका. निघताना आपण ‘येतो’ म्हणतो आणि जातो. परग्रहवाल्यानं हे तीनदा पाहिलं तर त्याच्या वहीत ‘येणे’ म्हणजे काय लिहिलं जाईल? ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आपल्याकडं आहेत. एकात समोरचा बाहेर, दुसऱ्यात आत. पाहुणा कोणता वापरतो यावर गावाचं मरण-जगणं ठरू शकतं. आणि त्याला म्हणायचं काय, तो, ती की ते? ‘ते’ म्हटलं तर वस्तूही होते आणि मानाचं माणूसही. आमच्याकडं तर ‘ते पोट्टी’ म्हणतात, म्हणजे तिन्ही झालं. मी गावाच्या तोंडी ‘ते’ ठेवलं, आणि कोणाच्या मनात कोणतं ‘ते’ आहे हे शेवटपर्यंत उघड केलं नाही.

आता माझ्या चौथ्या गोष्टीचा मुद्दा सांगतो, चोरलात तरी हरकत नाही. बायजाआजी जागलीला बसते. डुकरं हाकलायला रिकामा तेलाचा डबा बडवते. तिसऱ्या रात्री धुऱ्यावरून तसाच आवाज परत येतो. डबा वाजतो, तिकडून वाजतं. पंधरा दिवस हे चालतं. आजीला वाटतं कोणीतरी जागलीला आहे, बरं झालं सोबत मिळाली. त्या वस्तूला वाटतं, ही इथली नमस्काराची रीत. आपल्या भाषेतला तिनं शिकलेला पहिला शब्द म्हणजे ‘हाकल’, आणि ती तो आदरानं म्हणतेय. ही चूक आजीच्या लक्षात कधी येते, आणि आल्यावर ती डबा वाजवायचा थांबवते की नाही, एवढीच गोष्ट आहे. ना यान, ना किरण.

हा मुद्दा बाजारातून आला, पुस्तकातून नाही. पण पुस्तकातलं एक सांगायला हवं. व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली जी तबकडी आहे तिच्यात ५५ भाषांमधली अभिवादनं आहेत. त्यात मराठी आहे, ‘नमस्कार’नं सुरू होणारं. केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. म्हणजे परग्रहवासीयांना मराठीत आपलं पहिलं वाक्य बोलून झालंय. तुमच्या गोष्टीतलं कितवं, ते ठरवा.

६. एक शंकेखोर ठेवाच

गोष्टीत कोणीतरी ‘हे काही खरं नाही’ म्हणणारा हवा, आणि तो मूर्ख नको. इतिहास त्याच्या बाजूनं आहे. १९६७ मध्ये जोसलिन बेल यांना दर १.३३ सेकंदांनी येणारे नियमित ठोके सापडले. त्यांच्या गटानं गमतीनं त्याला ‘छोटी हिरवी माणसं’ असं नाव दिलं होतं. निघाला पल्सार, गरगर फिरणारा मेलेला तारा. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला काही विचित्र संकेत कित्येक वर्षं चकवत होते. २०१५ मध्ये उलगडा झाला, कोणीतरी जेवण गरम करताना मायक्रोवेव्हचं दार आधीच उघडत होतं.

गावात हे काम वायरमनला द्या. त्याला प्रत्येक आवाजाचं, ठिणगीचं, उजेडाचं कारण ठाऊक असतं. रात्री ओळीनं सरकणारे दिवे दिसले तर तो सांगेल की ते स्टारलिंकचे उपग्रह, आणि बरोबर सांगेल. शेतातून टक टक आवाज आला तर म्हणेल, कुंपणाच्या झटका मशीनचा आहे. त्यानं चार गोष्टी उडवल्या की पाचवीला वाचक तुमच्या हातात येतो.

७. गावाला बोलू द्या, पण नाचवू नका

दोन खड्डे आहेत, दोन्हींत मी पडलो. पहिल्या कथेत गावकरी अडाणी होते, यानाला नारळ फोडत होते, आणि मुंबईहून आलेला शास्त्रज्ञ त्यांना सगळं समजावून सांगत होता. दुसरीत उलट, प्रत्येक शेतकरी ज्ञानेश्वर. खरं गाव या दोहोंत नसतं. आपल्याकडचा माणूस नव्या वस्तूला आधी विचारतो, किलोचा भाव काय, आणि मग पाया पडतो. दोन्ही मनापासून.

वऱ्हाडी फक्त विनोदासाठी वापरू नका. ‘काय करून रायला बे’ एवढं घालून लोक हसवतात आणि गंभीर वाक्य आलं की प्रमाण मराठीवर जातात. उलटं करून पाहा. आजी जेव्हा म्हणते, ‘मले तं वाटे का कोनी सोबतीले हाये’, तेव्हा हसू येत नाही. ळचा य कुठं करायचा ते कानानं ठरवा, नियम लावून सगळीकडं केलात तर वाचणं जड होतं. निवेदन प्रमाण भाषेत, बोलणं वऱ्हाडीत, हा नवशिक्याला झेपणारा तह आहे.

पहिला खर्डा झाला की तो सामानातल्या म्हाताऱ्या माणसाला वाचून दाखवा. मी मायला दाखवला. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, ‘पंधरा दिवस ते बाहिर होतं, तं त्याले कोनी भाकर नाई नेली?’ मी म्हटलं, माय, ती वस्तू आहे. ‘बायजाले काय मालूम वस्तू हाये म्हून?’ त्या रात्री एक प्रसंग वाढला, आजी धुऱ्यावर पिठलं-भाकर पालव्यात बांधून ठेवून येते. सकाळी भाकर तशीच असते, पण पालव्याला मारलेली गाठ कोणीतरी सोडून पुन्हा बांधलेली असते. उलट्या बाजूनं.

८. शेवट

स्वप्न होतं, असं लिहू नका. सरकारनं सगळं दाबून टाकलं, असंही नको, त्याला आता धार उरली नाही. कोडं पूर्ण सोडवू नका, पण एक धागा तरी बांधा.

९. पाठवणं

दिवाळी अंकांचं साहित्य बहुतेक ठिकाणी जून-जुलैच्या आसपास ठरतं. म्हणजे नेमकं पेरणीच्या तोंडावर, तेव्हा मला दुकानात श्वास घ्यायला वेळ नसतो. म्हणून माझा हिशोब असा : मार्चात आराखडा, एप्रिलच्या उन्हात दुपारभर घरात बसून लेखन, मे संपायच्या आत टपालात. स्पर्धांचंही पाहा. मराठी विज्ञान परिषद १९६६ सालापासून काम करतेय आणि तिच्या विज्ञानकथा स्पर्धेनं बरेच लेखक पुढं आणले. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये याच स्पर्धेत नारायण विनायक जगताप या टोपणनावानं कथा पाठवली होती आणि बक्षीस मिळवलं होतं. आपल्या नावाचा दबाव परीक्षकांवर नको म्हणून त्यांनी नाव लपवलं. आपल्या नावाचा कोणावर दबाव पडायची भीती नाही, तेव्हा खरं नावच लिहा.

पाकिटात किंवा मेलमध्ये एवढं जावं:

- कथा, युनिकोडमध्ये टाइप केलेली. सोबत पीडीएफही, नाही तर उघडताना अक्षरांचा चिवडा होतो.
- कथा स्वतःची आणि अप्रकाशित असल्याचं चार ओळींचं पत्र. त्यात कथेचा सारांश नको, आणि ‘लहानपणापासून लेखनाची आवड’ तर नकोच.
- पूर्ण पत्ता, पिनकोडसह. आमच्याकडं एकाच नावाची तीन गावं एका तालुक्यात आहेत, माझा छापून आलेला अंक आधी दुसऱ्या गावी फिरून आला.
- टपालानं पाठवत असाल तर एक प्रत घरी. ही सूचना हास्यास्पद वाटेल, पण माझी तिसरी कथा आज कुठंच नाही.

पहिल्या कथेला अडीच ते तीन हजार शब्द पुरेत. एकाच वेळी दोन अंकांना तीच कथा देऊ नका. विदर्भ छोटा आहे, संपादक एकमेकांना ओळखतात.

उत्तर आलं नाही तर पोळा होईपर्यंत गप्प राहा, मग एकदाच फोन करा. फोन दुपारी जेवणानंतर, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात नको, अंक छापायला गेलेला असतो. समोरून ‘वाचतो’ म्हणाले तर अजून वाचलेलं नाही. ‘वाचली, पण’ म्हणाले तर तो ‘पण’ पूर्ण ऐकून घ्या, वहीत लिहा, वाद घालू नका. मला ‘आजीनं शेवटी डबा वाजवला का ते कळत नाही’ असं सांगितलं होतं. मी दोन ओळी बदलून आठ दिवसांत परत पाठवली. डबा वाजवला की नाही ते अजूनही त्यात लिहिलेलं नाही, फक्त सकाळी डब्याला एक नवा पोचा आहे.